काजूच्या तेलातले हातमोजे

अन्याय झाला तो आमच्या वायरमनवर आणि त्याच्या बायकोवर. दोघांवर एकाच वेळी. २००१ साली, मिरगाच्या आधीच्या शुक्रवारी, भर दुपारी, वाडीतली माणसं जेवायला पाटावर बसत होती तेव्हा. रत्नागिरीहून आरे-वाऱ्याकडे जाताना डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला कातळ लागतो, त्या कातळावरच्या आमराईच्या कडेला जो खांब आहे, त्या खांबावर.

मला लिहायला असंच शिकवलं आहे. कोणावर, कधी, कुठे. आमचा पाच-सहा पोरापोरींचा गट होता, छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून कामगारांसाठी पत्रकं काढायचा, आणि गट चालवणारा, ज्याला आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, तो प्रत्येक पत्रक हातात घेऊन एकच म्हणायचा, "आधी माणूस सांग, मग बोंब मार." तेव्हा मी बावीस वर्षांची होते. कॉलेज संपलं होतं, मुंबईला जायचं नव्हतं, आणि एक जुनी लूना होती जी चढावर मलाच ढकलायला लावायची. एवढ्या भांडवलावर मी जिल्ह्यातल्या वायरमन लोकांना रबरी हातमोजे घालायला लावणार होते.

हसू नका. ते हसायचेच.

कोकणात वायरमन होतो तो पोरगा आधी माडावर चढलेला असतो. चौथी-पाचवीत असल्यापासून नारळ उतरवलेत, सुपारीच्या एका झाडावरून दुसऱ्यावर झोका घेतलाय. त्याला खांब म्हणजे फांद्या नसलेला माड. त्याला तुम्ही सांगायचं की कमरेला पट्टा बांध, डोक्यावर टोपी घाल आणि कोपरापर्यंत रबराचे मोजे चढव. आमच्या दमट हवेत. त्या मोज्यात पाच मिनिटांत हात शिजतो, हे मी स्वतः घालून बघितलं होतं, म्हणून मी ते कधी नाकारलं नाही. मी म्हणायचे, "शिजलेला हात संध्याकाळी गार होतो. जळलेला होत नाही."

वीज कार्यालयाच्या आवारात सोमवारी सकाळी सगळे वायरमन जमायचे. मी पत्रकं घेऊन फाटकाशी उभी. त्यांच्यात एक म्हातारे होते, मिरकरवाड्याकडचे, बाप-भाऊ सगळे दर्यावर आणि हे एकटे खांबावर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचा पत्रक घ्यायचे, उलटसुलट बघायचे आणि खिशात घालायचे.

"वाचा हो, चाचा."

"वाचतो बाय. आधी बांगडा गुंडाळतो, मग वाचतो."

त्या सगळ्यांत एकच माणूस माझं ऐकायचा. आमच्याच वाडीचा वायरमन. मी त्याला दादा म्हणायचे. कार्यालयाने कधीकाळी प्रत्येकाला हातमोज्यांचा एक जोड दिला होता. बाकीच्यांचे जोड कुठे गेले देव जाणे, पण दादा कठीण कामाला निघाला की मोजे सायकलच्या कॅरियरला लावून न्यायचा. इतर त्याला "नवरी" म्हणायचे, हातावर मेंदी आहे म्हणून झाकतो असं. तो चिडायचा नाही. मी मात्र भाषणात त्याचं उदाहरण द्यायचे. माझी सगळी मोहीम त्या एका माणसावर उभी होती.

आणि शॉक त्यालाच बसला.

झालं असं. आंब्याची फांदी तारांवर टेकली होती, पाऊस यायच्या आत ती तोडायची होती. दादाने डीपीवर जाऊन फ्यूज काढले. पण त्या खांबावरून दोन लायनी जातात, दुसरी लायन दुसऱ्या डीपीवरची, आणि ती बंद करायची तर पलीकडची वाडी, पंप, बर्फाचा कारखाना सगळं बंद. ती चालू राहू दे, मोजे घालून सांभाळून कर, असं वीज कार्यालयातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं. दादाने मोजे घातले, पट्टा बांधला आणि चढला. फांदी सुटताना दुसरी तार हलली, त्याने ती डाव्या हाताने दूर धरली. मोज्यातूनच. पट्टा होता म्हणून तो खाली पडला नाही, खांबालाच लटकून राहिला. डाव्या हाताची दोन बोटं सिव्हिल हॉस्पिटलात गेली.

पुढच्या सोमवारी मी फाटकाशी गेले तर माझी पत्रकं कोणी घेईना. एकाने घेतलं आणि माझ्याच हातात परत ठेवलं. चाचा त्या दिवशी थट्टा करत नव्हते.

"घातले होते ना गो त्याने? तुझं ऐकलं तोच पोळला. आमी नाय ऐकलं, आमी हाव."

  मी तशीच आत साहेबांच्या खोलीत गेले. साहेब वाईट माणूस नव्हते, ते चहाही द्यायचे, पण चहा देऊन माणूस चांगला होत नाही.

"साहित्य पुरवलेलं होतं," साहेब म्हणाले. "त्याने वापरलेलं होतं. तो स्वतःच म्हणतो हात घसरला. आता यात कार्यालयाने काय करायचं?"

"मोजे तपासले होते कधी?"

"मोजा तो मोजा. त्यात काय तपासायचं?"

हे वाक्य मी घरी येईपर्यंत लूनावर मोठ्याने म्हणत होते. मोजा तो मोजा. गॅसचा सिलिंडर घरात येतो तर आपण साबणाचं पाणी लावून बघतो. होडीच्या तळाला बोट लावून बघतो. आणि ज्याच्यावर माणसाचा जीव, तो मोजा तो मोजा.

दादा घरी आल्यावर मी त्याला बघायला गेले. तो आत निजला होता. वहिनी मागल्या पडवीत काजू फोडत होती. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काजूच्या बीच्या टरफलात एक काळं तेल असतं. ते कातडीला लागलं की कातडी जळते, काळी पडते आणि साल निघावी तशी निघते. बायका हाताला राख फासतात, खोबरेल फासतात, तरी नखं काळी होतात. काजूचा शेठ बिया आणून टाकतो, बायका घरी बसून फोडतात, गर परत जातो आणि तेल बायकांच्या हातात राहतं. आमच्याकडे कुठल्याही लग्नात बायकांचे हात बघून ओळखता येतं कोण काजू फोडते.

वहिनीचा डावा हात तसाच होता. उजव्या हातात मोजा होता. वायरमनचा.

"वहिनी, हा कुठला?"

"ह्यांचाच. डावा तिकडे कापून काढलानी हॉस्पिटलात. हा उरला. एकटा मोजा आता त्यांच्या काय कामाचा, म्हणून मी घालते."

मी तो मागून घेतला. रबर नुसतं चिकट नव्हतं, फुगलं होतं, पिकून गळलेल्या रायवळ आंब्याच्या सालीसारखं बोटाखाली सरकत होतं. आम्हाला गटात एक गोष्ट शिकवली होती, जी मी पत्रकाच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत छापायचे आणि कोणी वाचायचं नाही. मोज्याचं तोंड गुंडाळत आणायचं, आत हवा कोंडायची, फुगलेला मोजा कानाशी धरून दाबायचा. मी केलं. तळव्यातून शिस्स असा आवाज आला. गालाला वारा लागला.

"वहिनी, कधीपासून वापरताय हे?"

"काजू सुरू झाल्यापासून. दोन्ही. ह्यांनीच दिलानी. बोलले, माझा हात राकट हाय, तुझा सोलतो तो बघवत नाय. कधी नड पडली की घेऊन जायचे. मी धुवून द्यायची गो. त्या दिवशी तर सोडा घालून धुतले, दोन लायनींचा खांब हाय बोलले म्हणून."

मी फटकळ आहे. मला गोष्ट पोटात ठेवून गोड बोलता येत नाही. मी सांगितलं. तेलाने रबर सडतं, याला भोक पडलंय, डाव्यालाही पडलं असणार, करंट तिथूनच आला. वहिनीने हातातली बी खाली ठेवली. मग दुसरी उचलली, तीही ठेवली.

आतून दादा उठून आला. हाताला पांढरा गठ्ठा बांधलेला.

"सांगितलंस ना? सायबापुढे मी हात घसरला बोललो तो कशाला? हिला कळू नये म्हणून. तू येऊन फुंकर मारून मोकळी."

"तुला माहीत होतं?"

"वर लटकलो होतो तेव्हाच वास आला मला. काजूचा. करंटने जळलेला काजू भाजल्यासारखा वास मारतो."

"मग तू बोल की सगळ्यांसमोर. तिकडे सगळे म्हणतायत मोज्यांचा उपयोग नाही."

"बोलू? आणि वाडी काय बोलेल? बायकोने नवऱ्याचा हात घालवलान. ही विहिरीवर कुठच्या तोंडाने जाईल? नारळी पुनवेनंतर मला कामावर बोलावतायत. नवे मोजे मागितले तर जुन्यांची चौकशी निघेल, त्यापेक्षा मी उघड्या हाताने चढेन. इतकी वर्षं बाकीचे चढतातच ना."

आता सगळं माझ्यासमोर उघडं पडलं होतं. एक माणूस उरलेल्या बोटांनी, उघड्या हाताने खांबावर चढणार होता, का, तर बायकोला बोल लागू नये म्हणून. त्याचं बघून बाकी सगळे चढणार होते. आणि मी खरं छापलं तर ती बाई वाडीतून उठणार होती. मी त्या रात्री पत्रक लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडकले. कोणावर अन्याय, ते माहीत होतं. कोणी केला? प्रेमाने मोजे देणाऱ्याने? धुवून परत करणारीने? मी साहेबांचं वाक्य लिहिलं, मोजा तो मोजा, आणि पुढे काही सुचेना.

पुढचं वहिनीनेच केलं. मला त्याची कल्पनाही नव्हती.

आठवडाभराने ती छापखान्याच्या खोलीवर आली. पदर खोचलेला, घामाघूम, दोन बस बदलून. बसायच्या आधीच बोलायला लागली.

"बाय, मी शेठच्या शेडवर गेलेली बिया आणायला. तिकडे तीन वायरमनांच्या बायका येतात. मी काय बोलले नाय, फक्त विचारलं, गो, तुझे हात बरे कसे? तर एक बोलली, आमच्याकडे मोजे हायत. दुसरी बोलली, आमच्याकडे पण. मग मी चाचांच्या घरी गेले. चाचीने काय दाखवलान माहीत हाय?"

"काय?"

"मोजेच. पण काजूला नाय. चाचा त्यांनी चिंबोऱ्या धरतात."

खेकडे धरायला वीज कार्यालयाचे मोजे! मी इतकी हसले की छापखान्यातला माणूस मशीन थांबवून बघायला आला. वहिनीही हसली, अपघातानंतर पहिल्यांदा असणार. मग पदराने तोंड पुसायला लागली.

"माझ्या एकटीच्या घरात झालं असतं तर मी मेले असते शरमेने. सगळ्यांच्या घरात हाय तर मग ती माझी चूक कशी? कोणीतरी सांगायला नको होतं?"

बघा. ज्या ओळीवर मी आठवडाभर अडकले होते, ती तिने पदराने तोंड पुसता पुसता सांगून टाकली. मला त्या क्षणी धावत सुटावंसं वाटलं. लूनाचं पेडल मारून मी तिला मागे बसवलं आणि आम्ही घरोघर निघालो. शिरगाव, मिऱ्या, खाडीपलीकडे होडीतून. चढ आला की दोघी उतरून ढकलायच्या. प्रत्येक दारात तेच. "वहिनी, मोजे आहेत का?" "हायत की, मागच्या दारी." एकीने ते मिरच्या कुटताना घातलेले. एकीने आंब्याचा चीक लागू नये म्हणून घातलेले. एका घरात मोज्याचा तळवा कापून विहिरीच्या रहाटाला पट्टी केली होती, इतकी नीट बसवलेली की शाबासकी द्यावी का डोकं फोडून घ्यावं कळेना. वहिनी सगळ्यांना एकच सांगायची, "सोमवारी घेऊन या. धुवू नका, हाय तसे आणा."

सोमवारी सकाळी वीज कार्यालयाच्या आवारात वायरमन जमले आणि पाठोपाठ त्यांच्या बायका आल्या. पिशव्या घेऊन. पुरुषांना वाटलं घरी काहीतरी झालं. एकजण घाबरून विचारतोय, "म्हातारी बरी हाय ना?" बायको म्हणते, "म्हातारीला काय धाड भरली, तुमी गप उभे राहा."

मी पायरीवर चढले. भाषण पाठ होतं, केलं नाही. एक मोजा घेतला, तोंड गुंडाळलं, फुगवला आणि त्याच्या मालकाच्या कानाशी धरला. शिस्स. दुसरा. शिस्स. मग मला करावंच लागलं नाही, बायकांनी घेतलं. अंगणभर मोजे फुगतायत, बोटं वर करून उभे राहतायत, आणि सगळीकडून बारीक शिट्टी. पोरं जत्रेत फुगे दाबतात तसं. सगळे हसायला लागले. चाचांच्या मोज्याला तर फुगायलाही जमेना, चिंबोऱ्यांनी नांग्या मारून चाळण केली होती.

"चाचा," कोणीतरी मागून म्हणालं, "तुमच्या चिंबोऱ्यांनी बरी तपासणी केलीनी. सायबापेक्षा बरी."

साहेब बाहेर आले होते. दादाही एका कडेला उभा होता, हात गळ्यात बांधलेला, आणि त्याला कळलं होतं आता काय होणार. तो पुढे यायला निघाला. वहिनीने त्याला हाताने थांबवलं आणि उरलेला उजवा मोजा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. ती भाषण करणारी बाई नव्हती. आवाज चिरकत होता.

"ह्यांचे मोजे मी काजूला वापरले. ह्यांनीच दिलानी, माझे हात बघवले नाय म्हणून. तेलाने सडले ते. त्यातून करंट आला. आता ज्याला मला काय बोलायचं हाय त्याने इथं बोला, विहिरीवर नको." मग ती साहेबांकडे वळली. "आणि सायब, तुमी एवढं सांगा. ह्याला तेल लागू द्यायचं नाय, उन्हात टाकायचा नाय, फुगवून बघायचा, हे तुमी कधी एकदा तरी सांगितलंत काय?"

   चाचांनी आपला चाळणी झालेला मोजा खिशात कोंबला.

"भाभी, तुला कोण काय बोलणार? माझ्या घरी चिंबोऱ्या हायत." आणि साहेबांकडे बघून, "नवे मागवा सायब. दोन जोड. एक खांबाला, एक घराला. घराचा नाय दिलात तर खांबाचा परत घरीच जाणार, मी सांगतो तुमाला."

ही मागणी माझ्या पत्रकात नव्हती. दोन वर्षं मी "हातमोजे घाला" छापत होते आणि घालणाऱ्याच्या घरात दुसरे जळणारे हात आहेत का, हे कोणी विचारलंच नव्हतं. त्या रात्री छापलेल्या पत्रकात ती पहिल्या ओळीत आली, ठळक. आम्ही ते बाजारात वाटलं, मासळीच्या रांगेत वाटलं, एसटी स्टँडवर वाटलं. साहेबांच्या दारात बायका दर सोमवारी येऊन बसायला लागल्या, बियांची टोपली घेऊनच, तिथेच फोडायच्या. कार्यालयाच्या फरशीवर काजूचं तेल पडायला लागलं तेव्हा नवे मोजे लवकर आले. शेठनेही शेडवर बायकांसाठी साधे जाड मोजे आणले. कुरकुरत आणले, पण आणले.

गणपतीच्या आधी दादा कामावर गेला. पहिलं काम त्याने तोच खांब मागून घेतला, आमराईच्या कडेचा. मी गेले होते, चाचा आले होते, अर्धी वाडी आली होती. साहेबांनी या वेळी दोन्ही डीपी बंद करायला लावल्या, बर्फाचा कारखाना ओरडला तरी. दादाने पावडर मारलेले मोजे पिशवीतून काढले. फुगवले. एक कानाशी धरला. मग शिडीच्या पायऱ्या चढता चढता थांबला, खाली वाकला आणि दुसरा वहिनीच्या कानाशी धरला.

"ऐक. काय ऐकू येतं?"

"काय नाय."

"मग जातो."

आणि गेला. डावा मोजा दोन बोटांच्या जागी पोकळ होता. मोज्याची ती रिकामी बोटं त्याने दुमडून दोऱ्याने बांधली होती, अडकू नयेत म्हणून. लाइट आली तेव्हा देवघरातले बल्ब लागले आणि कोणीतरी आरतीचे टाळ वाजवले, नुसतेच, उत्साहात. मीही ओरडत होते, काय ते आठवत नाही.

हे तुम्ही वाचलंत, आता तुमच्याकडे मागणी आहे. तुमच्या दारातल्या खांबावर उद्या कोणीतरी चढणार आहे. तो येईल तेव्हा तुम्ही पंखा बंद पडला म्हणून ओरडत येऊ नका. बाहेर या. त्याला म्हणा, मोजा फुगव आणि माझ्या कानाशी धर. आवाज आला तर त्याला चढू देऊ नका. त्याचा साहेब रागावला तर साहेबाला तुमच्या दारात बोलवा. पंखा बंद राहू दे, दूध नासू दे, घामाने भिजा. आणि तो गेल्यावर मागल्या पडवीत जा, तुमच्या घरात कोणाचे हात सोलतायत ते बघा, आणि तिला तिचे स्वतःचे मोजे आणून द्या. आजच.